चौदा नंबर

नसीर तडवी नळी उन्हाकडे धरून आत डोकावतो :
"ताई, गोयी नयीतच फुटू राह्यली."
मला ते आवाजावरूनच कळलं होतं.
धड सुटलेली गोळी फटकन बोलते,
फुटलेली खोकते,
आणि समोरच्या पत्र्यावर ठिपका नाही,
नुसती निळी फवारणी,
केळीवर औषध मारावं तशी.

वैशाख. सावदा-फैजपूर रस्ता. पारा सेहेचाळीस.
रविवारी भुसावळच्या बँकेची चोवीस माणसं येणार,
आगाऊ पैसे भरून.
आठ बंदुकांत ही एकच हुबेहूब खऱ्यासारखी,
म्हणून सगळ्यांना हीच हवी.
हिच्यापायी मागच्या महिन्यात
ह्यांना ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं होतं.
तेव्हापासून टोकाला नारिंगी नेलपॉलिश.

पाटावर वर्तमानपत्र पसरून
शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेते.
पहिला स्क्रू हलत नाही. दुसराही नाही.
तिसऱ्याला उलगडा होतो : हे दाखवायचे.
ओतीव. आटेच नाहीत, वर नुसती खाच.
खऱ्यासारखं दिसायला अकरा,
उघडायला चार.

नळीतून चिंधी ओढली, निळी निघाली.
पुन्हा ओढली, निळीच.
आत एकदा सांडलं
की पुढची त्याच घसरणीवर जाते,
हे मला कुणी सांगायला नको.
कोरडी होईस्तोवर पुसली.
हवा कमी केली. गोळी वीस पावलांवर लोळली,
तीही फुटकी.

मग गोळ्यांवर संशय.
टरफल जिलेटीनचं, उन्हात लोळागोळा होतं
म्हणून खोका दिराच्या केळी पिकवायच्या खोलीत ठेवला होता.
केवढी हुशारी वाटली होती तेव्हा!
तिथं गारवा असतो खरा,
पण भिंतींना घाम सुटलेला असतो.
गोळ्या रात्रंदिवस तो घाम प्यायल्या.

जळगावच्या सराफ्यात विसपुत्यांकडून
अंगठीच्या मापांचा जुडगा मागून आणला.
"लग्न कोणाचं?"
"गोळ्यांचं," म्हटलं. ते हसले नाहीत.
चौदा नंबरच्या कड्यातून जी अलगद खाली पडते
ती चांगली.
जी कड्यावर बसून राहते ती टोपलीत.
टोपलीत तीनशे बारा.
नसीर मोजत होता तोवर
मी चौदामध्ये माझं बोट घालून पाहिलं.
लग्नात हेच माप होतं.
पेरावर अडकलं.
साबण लावून काढलं, कुणी बघायच्या आत.

नवा खोका. चाळलेल्या गोळ्या.
दोन गेल्या नीट, तिसरी खोकली.
दोन नीट, तिसरी.
असं मोजून बिघडणारं यंत्र मला आवडतं.
टाका सुटतो तोही असाच,
ठरावीक जागी, आणि मग सापडतो.

दांड्याच्या तोंडाशी रबराचा एक दाणा असतो,
मटकीएवढा.
एका वेळी एकीलाच आत घेणं,
दुसरीला उंबऱ्यावर थोपवणं,
एवढंच त्याचं काम.
तो झिजून चपटा झालेला.
दोघी एकदम शिरायच्या,
मागून दांडा यायचा
आणि मधलीला कापायचा.
बाहेर इतका थाट, खोटी खिट्टी, खोटी दुर्बीण,
आणि सगळा कारभार ह्या दाण्यावर.

हा दाणा कुठे मिळणार?
नसीर बांधावर गेला,
ठिबकच्या जुन्या नळीतलं ग्रोमेट उपटून आणलं.
ब्लेडनं कातरलं, घासलं,
पुन्हा घासलं, बसवलं.
काळ्या रबराला अजून
खताचा वास येत होता.

संध्याकाळी सातपुड्याकडची हवा जरा हलली.
नसीर पत्र्यापासून लांब उभा राहून मोजायला लागला.
एक. दोन.
तिसरीला त्यानं डोळे मिटले.
फटकन.
चार, पाच, असं करत दहा.
पत्र्यावर दहा ठिपके, गोल, ओले,
खाली ओघळणारे.

"अजून एक मारा ना, ताई."
अकरावी मी झाडली नाही.