प्रश्न क्रमांक एकशे बारा

प्रश्न लिहिणाऱ्या अनोळखी माणसा,
तुझ्या प्रश्नांतली माणसं किती शहाणी!
कुणी पिऊन साइटवर येत नाही,
कुणाची गाय पायाच्या खड्ड्यात पडत नाही,
आणि भांडण झालंच
तर ते नोंदवहीत लिहून ठेवतात.

मी लमारा. कुताइसीत राहते,
आठव्या मजल्यावर.
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही,
म्हणून पाठांतर जिन्यात करते:
एका मजल्याला एक व्याख्या.
बावीस वर्षं पूल बांधतेय.
मोठे नाहीत, पायी जायचे,
शाळेच्या पोरांचे, दुधाच्या कॅनचे.
आता टेंडरमध्ये एक नवी ओळ आलीय:
प्रमाणपत्राशिवाय सही चालणार नाही.

फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या.
लेक तेकला प्रश्न विचारते, तोंडात पावाचा घास:
जोखीम टाळणं म्हणजे?
टाळणं म्हणजे त्या वाटेलाच न जाणं.
ढकलणं?
दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं, पैसे मोजून.
आणि स्वीकारणं?
तुझा बाप पोलंडला गेला, ते.
ती चिठ्ठी उलटून बघते.
म्हणते, इथे असं काही लिहिलेलं नाही.

आता तुझी खोड कळलीय मला.
चारातले दोन पर्याय उघड मूर्ख असतात,
उरलेल्या दोनांत
जो हळू आवाजात बोलतो, तो बरोबर.
आधी परिणाम तपासा. आधी संबंधितांशी बोला.
जुंबेरला फोन करून
सिमेंट कुठे मेलं म्हणून शिव्या घाला,
असा पर्याय तू कधीच देत नाहीस.
जुंबेर मात्र फक्त त्यालाच ऐकतो.

काल रात्री सराव करत होते.
एकशे अकरापर्यंत चहा गरम होता.

एकशे बारा:
काँक्रीट अजून कच्चं आहे.
टेकू काढायला नऊ दिवस बाकी.
प्रायोजकाला उद्घाटन शुक्रवारीच हवं आहे.
व्यवस्थापकाने आधी काय करावं?

तू होतास का रे तिथे?
त्या नोव्हेंबरात, नदीकाठी, पावसात,
छत्रीखालून कुणी तरी म्हणालं, काढा आता टेकू,
आणि मी मान हलवली,
तेव्हा तू कुठे उभा होतास?

पूल पडला नाही. मी खोटं का सांगू,
एक कोपरा सुटला फक्त,
आणि त्या कोपऱ्याखाली ओतार होता.
अहवालात मी लिहिलं: अनपेक्षित.
तुझ्या पुस्तकात या शब्दासाठी अख्खं प्रकरण आहे,
तीनदा वाचलं,
त्यात माझा बुधवार कुठेच बसत नाही.
मला माहीत होतं.
टेकूंनाही माहीत होतं.

उत्तर ब.
अकरा सेकंदांत दिलं मी ते.
खाली हिरवी खूण आली, एक गुण,
आणि स्पष्टीकरणाच्या तीन ओळी.
वरातीमागून घोडं.
दिवा मालवला, पण एकशे तेरा सोडवला नाही.

आज पहाटे तिबिलिसीच्या गाडीसाठी स्टँडवर आले.
पिशवीत ओळखपत्र, दोन उकडलेली अंडी,
आणि न लागणारी पेन्सिल,
परीक्षा संगणकावर आहे हे ठाऊक असून.
ओतार तिथेच असतो,
सूर्यफुलाच्या बियांची टोपली, पायाशी काठी.
दरवेळी मीच नजर चुकवते,
दरवेळी तोच हाक मारतो: इंजिनियरबाई!

कुठे निघालात?
परीक्षेला.
या वयात? कसली?
म्हटलं, आधी काय करायचं, त्याची.

तो हसेल असं वाटलं होतं.
त्याने बियांची पुडी वळली,
नाणी मोजून परत दिली, माझी मलाच,
काठी उचलून ड्रायव्हरला थांब म्हणून खूण केली,
आणि म्हणाला,
आधी गाडी पकडा.