तिसरा डबा

पहिला डबा नेला तेव्हा मी काही विचारलं नाही.
रंगाच्या दुकानातून माणूस टर्पेंटाइन नेतो,
त्यात विचारायचं काय?

दुसऱ्या वेळी हातांकडे लक्ष गेलं.
नखं स्वच्छ, बाहीवर एक ठिपका नाही.
आर्डिस क्रूझ, मिल रोडच्या टोकाला एकटा राहतो.
त्याच्या घराला वीस वर्षांत ब्रश लागलेला नाही,
हे सगळ्या गावाला दिसतं.

तिसऱ्या वेळी डबा गल्ल्यापाशी ठेवून
गिऱ्हाइकांच्या कॉफीसाठी ठेवलेल्या वाडग्यातून
त्याने मूठभर साखरेच्या वड्या खिशात टाकल्या.
"पोटात आहे काहीतरी, लव्हेल," म्हणाला,
"वळवळतं. रात्री ऐकू येतं."

आमचं हॉस्पिटल बंद पडून चार वर्षं झाली.
आता डॉक्टर म्हणजे पासष्ट मैल, पेट्रोल,
आणि समोर बसल्यावर सात मिनिटं.
फोनमधली बाई मात्र रोज रात्री येते, घाईत नसते,
सांगते, तुमच्या वाडवडिलांना ठाऊक होतं हे,
तुमच्यापासूनच लपवून ठेवलं.

मी डबा फिरवून मागची बाजू दाखवली.
कवटी. हाडं. बारीक अक्षरं.
तो हसला. "तुझ्या बापाने नाही पाजलं तुम्हाला?
तो तर तिथलाच."

तिथलाच.
दलदलीच्या कडेने, जॉर्जियाच्या त्या पाइनच्या रानात
माझा बाप खोडांवर तिरपे वार करायचा,
डावीकडून, उजवीकडून, मिशांसारखे.
त्या जखमेला छावणीत मांजराचं तोंड म्हणायचे.
खाली मातीचा पेला. आठवडाभर झाड त्यात गळायचं.
जखम बुजवायला काढलेला चीक,
तोच आम्ही ओरबाडून उकळायला न्यायचो.
म्हणजे औषध ते होतंच,
पण झाडाचं.

आणि हो, जंतांवर साखरेत तीन थेंब.
बाप मोजून द्यायचा, हात थरथरत असला तरी.
मला दिले, नियोलाला दिले,
लेस्टरला दिले, तो दोन वर्षांचा.
मी आहे. नियोला आहे.
म्हणून आमच्यात सांगतात, आम्ही त्यावरच वाढलो.
लेस्टरने काय सांगितलं असतं
ते कुणी विचारत नाही.

हे मी बोलायला हवं होतं.
मागे दोघं खोळंबले होते, एकाच्या हातात पाइप.

आर्डिस गल्ल्यावरून वाकला, कानाशी आला:
"आणि लघवीला वास येतो, सांगू कसला?
व्हायोलेटच्या फुलांचा. विल्माच्या खणातल्यासारखा.
घाण निघून गेली की आतून असाच वास येत असणार."

खोटं कशाला बोलू,
क्षणभर मलाही ते सुंदर वाटलं.
तो वास विषाचा असतो, मूत्रपिंडांतून वाट काढणाऱ्या,
हे पुढे ॲम्ब्युलन्सवाल्या पोरीने सांगितलं,
स्ट्रेचरचे पट्टे आवळता आवळता.

त्या दिवशी मी पैसे घेतले.
अकरा डॉलर, चाळीस सेंट.
वर एक दोन इंची ब्रश टाकला पिशवीत, फुकट.
माझी हिंमत तेवढीच.

तीन आठवड्यांनी आला. पट्टा दोन भोकं आत गेलेला.
"किडे पडले," म्हणाला, "दोरीएवढे. माझ्या डोळ्यांनी पाहिले.
डॉक्टर म्हणतो, आतड्याचं अस्तर होतं ते.
त्याला काय कळतंय?"
आणि हात फळीकडे.

"संपलंय," मी म्हणालो.

माझ्या पाठीमागे आठ डबे होते.
त्याने ते मोजले, ओठ हलवत, एकेक,
दोनदा.
मग कॉफी ओतून घेतली आणि खिडकीपाशी बसला.
साखरेचा वाडगा मी सकाळीच उचलून ठेवला होता.
तेही त्याच्या लक्षात आलं.
कडूच प्यायला.