चतुःसीमा

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला गेला
त्या दिवाळीत घणसोलीच्या आमच्या आळीत
सात पांढऱ्या गाड्या आल्या.
हरेशने तर शर्यतीची खिल्लारी जोडीही.
मी एक शब्द घेतला.

मीठ.
रोमन लिपीत चार अक्षरं, पुढे टिंब आणि कॉम.
अकरा लाख चाळीस हजार.
विकणारा टोरांटोचा कुणी. त्याला वाटत होतं
मिथ, म्हणजे दंतकथा.
मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

बाबांनी प्रिंटआउट उलटसुलट पाहिला.
"ह्याचा सातबारा?"
नाही.
"मंग चतुःसीमा तरी सांग."

सांगितली.
पूर्वेस मीठभाकर, पुण्याच्या एकाची, खानावळ काढणार म्हणतो.
पश्चिमेस मीठमसाला, मुदत संपून पडीक.
उत्तरेस दोन ई घालून लिहिलेलं मीठ,
तेही घेऊन ठेवलंय, कुंपणापुरतं.
दक्षिणेस काही नाही.

"नावावर किती वर्सं?"
एक. दरवर्षी पैसे भरायचे.
बाबा खूप वेळाने हसले.
"सिडकोनं साठ तरी दिली."

मी त्यांना धंदा समजावला :
नवं नाव लोकांना शिकवावं लागतं,
जाहिराती, पोस्टर, नटी.
हा शब्द लोक आईकडून शिकून येतात,
न बोलावता येतात, रोज एकशेचाळीस,
पट्टीत नुसतं मीठ टाइप करतात आणि थेट दारात.
"मंग काय," ते म्हणाले, "मिठागराला कवा पाटी व्हती?"

आमच्या कोंड्यांना नावं होती.
थोरली. वाकडी. भागीची कोंडी,
ज्यात भागी नावाची कोण बुडाली की जन्मली
यावर दोन म्हाताऱ्यांचं कधी पटलं नाही.
नोटिशीत नुसते सर्व्हे नंबर आले.
जमीन नंतर गेली,
नावं त्या कागदावरच गेली होती.

मार्चमध्ये गुरुग्रामहून फोन.
मुलगी गोड बोलत होती. गुलाबी मीठ, काचेची बाटली,
अडतीस लाख, आजच्या आज.
स्पीकर चालू होता. बाबा नखं काढत होते.
"सर, तसंही ते नाव नुसतं पडून आहे."

नेलकटर थांबला.

हेच, बाबा नंतर म्हणाले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला साहेब हेच बोलला व्हता,
बांधावर उभा राहून, आमच्या डब्यातली
निवटीची कढी खाता खाता.
जमीन नुसती पडून हाय, पाटील.

मग त्यांनी विचारलं,
रोज येतात ती माणसं काय घेऊन जातात?
काही नाही. पाटी वाचतात, 'लवकरच येत आहे'.
"दीड वरीस?"
दीड वर्ष.
"दारात आलेल्याला रिकामा धाडतोस?"

सकाळच्या बसने ते उरणकडे गेले.
तिथे आत्याचे दीर अजून चार कोंड्या पिकवतात.
संध्याकाळी रिक्षातून दोन गोणी उतरल्या,
जाडं, करडं, ओलसर मीठ,
माझ्या राउटरशेजारी पाझरत राहिलं.

पहिली ऑर्डर अकलूजहून.
रेवती खलाटे, दोन किलो, लोणच्यासाठी.
मीठ चव्वेचाळीस रुपये,
कुरिअर एकशे दहा.
पत्ता बाबांनी हाताने लिहिला,
'अकलूज'खाली दोन रेघा ओढल्या.

हे शहाणपणाचं आहे का, मला माहीत नाही.
फोनमध्ये तो नंबर अजून आहे,
'गुलाबी मीठ' नावाने. पुसला नाही.

आज रात्री मुदत संपते.
अमावास्येच्या उधाणाला बाबा पूर्वी
कंदील घेऊन उघाडीजवळ बसून राहत,
खेकड्याच्या एका बिळातून
अख्खा बांध जातो म्हणत.
मी कार्डाची तारीख पुन्हा तपासतो.
पैसे भरतो. पान गोल गोल फिरतं.

ते कधीतरी मागे येऊन उभे राहतात.
"पानी किती चरलं?"
एकशे एकसष्ट, मी म्हणतो.