आकडा

आमच्या गल्लीत आकडा म्हणजे हिशेब नव्हता.
आकडा म्हणजे बांबू, बांबूच्या टोकाला वाकवलेली सळई,
आणि दिवस कलला की ती लाईनीवर अलगद ठेवणारा
माझा बाप, गुंडप्पा.
टाकायचा नाही तो. ठेवायचा.
ठिणगी पडली तर स्वतःलाच म्हणायचा, हात कच्चाय.
पहाटे, लाईनमनच्या लुनाचा आवाज यायच्या आत
तार गुंडाळून कडब्याखाली.
सात घरं त्या एका वाकड्या सळईच्या उजेडात जेवली,
दोघी मॅट्रिक झाल्या.

आता मी उदगीरला, देगलूर रोडला,
आकडेच विकतो.
संभाजीनगरच्या हॉटेलात कंपनीनं ट्रेनिंग दिलं,
पनीरचं जेवण, गळ्यात पट्टा,
पडद्यावर एक रेघ उजवीकडं चढत गेली, चढत गेली.
साहेब म्हणाले, हा बाजार.
महिन्याला बारा घरं.
मी मनातल्या मनात गल्ली मोजली. सातच भरली.

पण निघतात घरं.
मुक्कावारांनी गच्चीवर पॅनल टाकले, मग बॅटरी,
मग विचारलं, आता ह्या सगळ्याला राखण कोण?
मी डबा लावला.
डबा ठरवतो: गिझर दुपारी, ऊन फुकट असताना;
मोटर साडेअकराला; एसी सत्तावीसवर;
लाईन गेली की आधी फ्रीज, मग राऊटर, मग देवघरातला बल्ब.
देव तिसरा कसा, यावर अर्धा तास गेला.
शेवटी बल्ब वर सरकला, राऊटर खाली,
नातू जेवला नाही.

एकदा अप्पाला सोबत नेलं, शिडी धरायला.
मेनच्या तारेभोवती मी कडी अडकवली.
सोलायचं नाही, कापायचं नाही,
नुसती तारेला बिलगून बसते
आणि आतून जाणारं सगळं तिला कळतं.
तो मान वर करून बघत राहिला. मग बोळकं हसला.
"काय करूलालास? ह्यो तर आकडाच की रं."
म्हटलं, हा चोरत नाही, अप्पा. मोजतो.
"ते बी बघू."

बघायला आठ महिने लागले.
हणमंते बाईंचा निरोप आला, वायर तपासायचीय.
मालक पुण्याला. ॲप त्यांच्या फोनात.
दुपारी दोन दहाला घरात साडेसातशे वॅट चढले
की दोन बाराला रिंग:
इस्त्री कशाला? कुठं निघालीस?
रात्री एकला एक ट्यूब:
जागी का? कोण आलंय?
बाईंनी चहा केला. इंडक्शन बाजूला सारून, गॅसवर.
कप ठेवत म्हणाल्या,
"काढा म्हणत नाही. काढलं तर तेही दिसतं.
ह्याच्यावर आकडा टाकता येतो का, दादा?"

मी नियम आठवत बसलो,
गळ्यातला पट्टा आठवत.
अप्पानं शिडी सोडली, पक्कड मागितली.
मेन खाली पाडला, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले,
आणि मीटरच्या पुढून पण कडीच्या अलीकडून
एक तार घेतली. तिला तिचा वेगळा स्विच,
अर्थिंग, सगळं रीतसर.
फळीवर, पिठाच्या डब्याआड, एक प्लग.
मीटर मोजील, बिल येईल, बाई भरतील.
चोरी कुणाचीच नाही.
फक्त कडीला कळणार नाही.
मेन वर केला. ठिणगी पडली नाही.

उतरताना जिन्यात म्हणाला,
"तवा उजेड पायजे होता. आता जरा अंधार पायजे लोकायला."
मग पान खाल्लं, आणि शिडीचं भाडं म्हणून
माझ्याकडून वीस रुपये घेतले.

त्या प्लगला बाई काय लावतात, मला माहीत नाही.
दर महिन्याला कंपनीच्या पडद्यावर
त्या घराच्या नावापुढं पिवळा त्रिकोण येतो:
बिल एकशे अठरा, नोंद एकशे सात,
तफावतीचं कारण लिहा.

मी लिहितो: जुनं वायरिंग.