हे धरायचं का

वस्तीच्या वायव्य कोपऱ्यात उभं राहायचं,
उजवा हात भिंतीला लावल्यासारखं चालायचं,
दर सातवं दार.
कुलूप असलं तर आठवं नाही,
कुलूपच लिहायचं.
एवढं दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं,
एरंडवण्यातल्या एका थंडगार हॉलमध्ये, उपम्यासकट.

मग आंबेगाव पठारावरचं ऊन.
टॅब हातात तापतो, काचेत माझंच तोंड दिसतं,
त्याच्या मागे पुसट प्रश्न.

"कुणाकडून आलात?"
"मागच्या वर्षी एक आली होती, तिचं काय झालं पुढं?"
"आधार नाही दाखवणार."
"हे घरात नाहीत,"
आणि हे आतून खाकरतात.
एक दहावीतला मुलगा, उंबऱ्यावरच:
"आधी पर्याय सांगा."

प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा.
समजला नाही तर पुन्हा तसाच वाचायचा.
उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही,
अरेरे म्हणायचं नाही.
(दोनदा म्हटलंय. कुणाला सांगितलं नाही.)

चौथ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
कांताबाई खुटवड.
वय?
"पानशेत फुटलं तवा मी आईच्या पोटात."
टॅबला आकडा लागतो. मी वजाबाकी केली.
घरात पंखे किती?
"दोन."
चालू?
"माझ्यावरचा."
भात आठवड्यातून किती वेळा, यावर ती इतकी हसली
की खालून गिरणीवाल्याने वर बघितलं.
"अगं, आमी भाताच्या गावची माणसं.
भाकरी किती वेळा, ते विचार."
ते विचारायला जागा नव्हती.
बाकी उत्तरं तिने मोड मोजून द्यावी तशी दिली,
एकेक, हातावर ठेवून.

प्रश्न सत्तेचाळीस.
गेल्या तीस दिवसांत आपण कोणत्याही व्यक्तीशी
अर्धा तास किंवा अधिक वेळ
मोकळेपणाने बोललात का?
एक, हो. दोन, नाही.
अठ्ठ्याण्णव, सांगता येत नाही.

गिरणी थांबली होती. कुणाचं तरी दळण झालं होतं.
तिने घड्याळाकडे पाहिलं.
"तू आलीस अकराला. आता बारा व्हायला आले.
हे धरायचं का?"

पुस्तिकेत आहे, पान बावीस:
मुलाखत घेणाऱ्यास व्यक्ती धरू नये.
मी प्रश्न पुन्हा वाचला. तसाच.
ती पदराने टॅबवरचं पीठ पुसत म्हणाली,
"तुला सोयीचं पडंल ते लिही."

मी दोन दाबलं.

शाळेत घोकून घेतलं होतं,
उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं
की डाव्या हाताला उत्तर.
जिना उतरले तेव्हा सूर्य डोक्यावर होता,
आणि डाव्या हातात
तिने दिलेल्या चार ओल्या शेंगा.
भेटवस्तू घेऊ नये, पान नऊ.

संध्याकाळी ढमढेरे सर दहातल्या एका घरी फोन लावतात.
बाई खरंच आल्या होत्या का, किती वेळ बसल्या,
की टपरीवर चहा पीत भरलं सगळं.
त्या दिवशी चिठ्ठी निघाली खुटवडांची.

सकाळी सर म्हणाले, तुमचं बरोबर आहे.
पण त्या बाई फोन ठेवेनात.
मलाच विचारायला लागल्या,
गाव कुठलं, जेवण कोण करतं,
आवाज असा का, सर्दी आहे की दिवसभर ओरडता?

"मग?"

सर टॅबचे चार्जर मोजत होते, सव्वीस, सत्तावीस.
"मग काय. सांगितलं," म्हणाले,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.