नादकाटा

आयेलेन, हात धू. जेल नको, साबण घे.
सात नंबरला क्लिंडामायसिननंतर जुलाब लागलेत
आणि तो जंतू जेलला भीक घालत नाही.
बाहेर काय, वारा. सामुद्रधुनीवरून रोज येतो तसाच.
चौकात माणसांना धरायला दोर बांधलेत म्हणे.
आत आपल्याला धरायला ही वही.

पुस्तकात गट पाडलेत, ते पाठ कर, परीक्षेला लागतील.
मी मात्र औषधं त्यांच्या खोड्यांवरून ओळखते.
व्हॅन्कोमायसिन घाईनं सोडलंस
तर माणूस मानेपासून छातीपर्यंत लालेलाल,
उकडलेल्या खेकड्यासारखा. निदान एक तास, घड्याळ बघत.
रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी, घाम नारिंगी,
डोळ्यांतलं पाणीसुद्धा. आधी सांगून ठेव,
नाहीतर रडता रडता घाबरतात.
मेट्रोनिडाझोलवाला म्हणेल, तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागतंय.
त्याला वाइन नाही. घोटभर नाही. मुलाच्या लग्नातही नाही.
आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेणारा मेंढ्या कातरणारा
टाच दुखते म्हणाला, तर वयावर ढकलू नकोस.

मग जेंटामायसिन.

थांब, हा ड्रॉवर उघड. टूर्निकेटच्या खाली बघ.
हो, नादकाटाच आहे तो.
एवारिस्तो बारियाचा. पियानो जुळवायचा.
पोर्वेनीरपासून नातालेसपर्यंत
त्याच्या कानाखालून गेला नाही असा पियानो नव्हता.
त्याच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घरटं केलेलं.
अँपिसिलिन, जोडीला जेंटामायसिन, आठ आठ तासांनी.
डोसच्या आधी मी रक्त काढायची,
लघवी मोजायची शेवटच्या मिलिलिटरपर्यंत.
मूत्रपिंडं शहाणी निघाली, आकडे सरळ.
पण कानाचा आकडा रक्तात उतरत नाही.
म्हणून रोज पहाटे त्याचाच काटा माझ्या गुडघ्यावर आपटून
त्याच्या कानाशी धरायची.
तो डोळे मिटून बोट वर करायचा.
नाद विझला की बोट खाली.
पहिल्या पहाटे मला ऐकू येईनासं झालं
त्यानंतरही ते बोट किती तरी वेळ वर होतं.

अकराव्या पहाटे कुणीतरी हाक मारली, कुणाचं तरी सलाइन संपलेलं.
परत आले, काटा कानाशी धरला
आणि आपटायचाच विसरले.

त्याचं बोट वर.
मी थांबले. बोट वरच.
‘अजून?’
‘अजून,’ तो म्हणाला. ‘चार दिवस झाले, थांबतच नाही.
माझ्या काट्यापेक्षा जरासा चढा आहे.’

चार दिवस. मी रोज विचारत होते, कानात काही वाजतंय का?
औषध बंद केलं तर हृदय जाईल, असं त्याच्या मनानं घेतलेलं,
म्हणून तो नाही म्हणायचा.
आणि मी ‘नाही’ लिहायची, सुवाच्य अक्षरात, सहीसकट.
कानाडोळा म्हणतात तो हाच.

डॉक्टर वुकासोविचना फोन केला तेव्हा चार वाजून वीस.
जेंटामायसिन बंद. जागी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन.
त्याच्या नळीत कॅल्शियम जाऊ देऊ नकोस, हे लिहून घे.
झडप वाचली. सगळ्यात वरचे काही स्वर गेले,
ते नाही आले परत.
शाळेच्या पियानोचं ते टोक आता नात जुळवते,
तो शेजारी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघतो.
घरी जाताना काटा माझ्या हातात दिला.
‘ठेव तुला. माझ्याकडे एक वाजतोच आहे.’

चल, बारा नंबर. पेनिसिलिनचा पहिला डोस.
विचार, पूर्वी कधी अंगावर उठलं होतं का, ओठ सुजले होते का.
‘नाही’ म्हणाली तरी लगेच वळू नकोस.
नळीकडे नाही, तिच्याकडे बघत उभी राहा, पंधरा मिनिटं.
वारा ओरडू दे. तू श्वासाचा कानोसा घे.

आणि हो, तो काटा.
पुसून ठेव.