अंगठा

वदहा चाळण हलवते.
फुरातकाठची माती, सकाळपासून सातवं घमेलं.
पुढच्या वर्षी इथे धरणाचं पाणी येणार,
टेकाड बुडणार, तिचं घरही,
म्हणून सगळ्यांचीच घाई चाललीय,
मेलेल्यांचीसुद्धा.

चाळणीत उरतं एक हाड, खडूच्या तुकड्याएवढं.
वहीत नोंद होते: पायाचा अंगठा, बाई, वय चाळिशीच्या आत.
सांध्याशी झिजलेला, वर वळून बसलेला.
साहेब म्हणतात, काही आजार असेल.
वदहा हसते. तिथेच गुडघे टेकते,
चवडे मागे दुमडते
आणि दोन्ही हात पुढे रेटत
हवेतच काहीतरी वाटू लागते.
"माझ्या आईचा असाच होता," म्हणते,
"ही बाई दळत होती."

दळत होती.
म्हणजे आधी कुणीतरी राखून ठेवलं होतं.
म्हणजे त्याही आधी एका वर्षी हरणं आली नव्हती,
पिस्त्याची झाडं वाळत वाळत डोंगरात मागे सरली होती,
आणि रानगव्हाचं कणीस हात लागायच्या आत
फुटून वाऱ्यावर जायचं.
त्याचं बरोबरच होतं, त्याला पसरायचं होतं.
पण हजारात एखादं हट्टी,
पिकलं तरी दाणा सोडेना.
रानाच्या लेखी वाया गेलेलं.
तेच तिच्या टोपलीत येत राहिलं.

मग एक हिवाळा.
कुणाला काही सुचलं वगैरे नाही.
कोपऱ्यात कातड्याच्या पिशवीत तीन ओंजळी दाणे
आणि समोर लेकरू, पोट पाठीला लागलेलं,
पिशवीकडे बघणारं.
तिने पिशवी पाठीमागे सारली.
एवढंच.
मुंगीही साठवते, खरं आहे,
पण साठवलेलं पुन्हा मातीत फेकून
उपाशीपोटी वाट बघत बसत नाही.

लेकराचं काय झालं, माती सांगत नाही.
वदहा विचारते मात्र.
दोनदा विचारते.

उगवलं. आणि उगवलं त्याने तिला बांधून घातलं.
कळप पुढे गेले, कळपांमागे तिच्या बहिणी गेल्या.
ती राहिली,
कारण गहू आता आपणहून सांडत नव्हता,
त्याला तिचे हात लागत होते
आणि तिला पाटा.
रोज. गुडघ्यांवर. चवडे दुमडून.
कुणी कुणाला माणसाळवलं
ते या अंगठ्यालाच विचारावं.

संध्याकाळी हाड पेटीत जातं, कापसात, क्रमांकासह.
वदहा घरी येऊन बोचकी बांधते.
कुठे जायचं ते अजून सरकारने सांगितलेलं नाही,
तिथे जमीन असेल की नुसते दगड, तेही नाही.
भांड्यांच्या आधी तिने बियाण्याचं पोतं बाहेर काढलंय.
"यातलं भाजून दे ना," धाकटा उवेद म्हणतो.
ती पोत्याच्या तोंडावर हात ठेवते.
बराच वेळ.
मग गाठ सोडते, मूठभर काढते,
तव्यावर टाकते.
दाणे तडतडू लागतात तसं
गाठ पुन्हा बांधते,
आधीपेक्षा घट्ट.